मागची सीट

सरकीच्या गोदामात अठ्ठावीस वर्षं उभी होती डेमलर.
ओढून बाहेर काढली तेव्हा चारही टायर बसलेले,
खुरकतीनं गाय बसावी तशी –
हे डॉक्टर भालतिलक म्हणाले. त्यांना ते शोभतं,
पंचक्रोशीतली गुरं त्यांच्याच दारात येतात.

जिनिंगवाल्यांनी वजनावर विकली.
कापसाच्या बंड्यांमागे रांगेत लागून काट्यावर चढली:
दोन टनांत चाळीस किलो कमी.

मी तीस वर्षं आर्वी डेपोत पत्रे ठोकले.
हातोड्याला गंज चढू नये, एवढाच माझा स्वार्थ.

डॉक्टरांनी अंगणात खडूनं काढून दाखवलं:
लांब नाक, दोन माणसं, मागे काही नाही.
"दमणीचा छकडा करायचा, आत्मारामभाऊ.
शंकरपटात पळतो तसा."

आधी छत.
पत्र्याखालचं लाकूड वाळवीनं इतकं खाल्लेलं
की ग्राइंडर लागायच्या आत भुसा होऊन सांडलं.
मग चासी, अडीच फूट.
डॉक्टर बोटानं चाचपत गेले, मणके मोजावे तसे,
"इथं काप. शेपटीकडचं जाऊ दे."
शाफ्ट हिंगणघाटच्या लेथवर गेला, एसटीनं, माझ्या मांडीवर.
आम्हा दोघांचं मिळून दीड तिकीट.

नाकाचा पत्रा भंगारातल्या बसचा.
बॉनेट उघडलं तर आतून अजून वाचता येतं,
उलटं, फिकट: राखीव.

मागचा मडगार्ड काही केल्या वळेना.
डॉक्टरांनी गवळाऊ बैल आणून उभा केला.
तो रवंथ करत राहिला.
मी वशिंडावरून हात फिरवायचो,
आणि हातातला आकार सांडायच्या आत
वाळूच्या पोत्यावर ठोकायला धावायचो.

बकाराम सहारे रोज यायचे. ऐंशीतले.
एकतीस वर्षं हीच गाडी हाकलेली.
उलट्या बादलीवर बसायचे, चकार शब्द नाही.
छत कापलं, बोलले नाहीत.
मागची सीट निघाली – शेठाणीची, तपकिरी, अजून अत्तर मुरलेली –
ती दवाखान्याच्या ओसरीत टाकली,
तिच्यावर त्याच दिवशी एक शेळी चढून बसली, पाय मोडलेली.
बोलले नाहीत.

ड्रायव्हर आणि मालक यांच्यामधली काच निघाली तेव्हा उठले.
"हे मले द्या."
काहून, विचारलं.
"आरशातून, ह्या काचंतून, त्यायचे ओठ दिसत होते मले.
हासत बी. आयकू कधी आलं नाही."
धोतरात गुंडाळून सायकलवर नेली.
आता ती नातवाच्या पानठेल्यावर आहे,
सुपारीच्या बरण्यांपुढे. तिच्यावर कोपरं टेकून
अख्खं गाव ओरडून बोलतं.

कार्तिकातल्या एका पहाटे गाडी सुरू झाली.
आधी खोकली, मग मळणीयंत्रासारखी धडधडली,
समोरच्या संत्र्याच्या बागेतून पोपट उठले.
डॉक्टर म्हणाले, "बकारामजी, तुम्ही घ्या."

त्यांनी हात धुतले. चपला काढल्या, परत घातल्या.
आणि सवयीनं आधी डॉक्टरांच्या बाजूला गेले,
दार उघडायला.
दार मी केलंच नव्हतं.
हात तिथंच राहिला, मुठीच्या उंचीवर, हवेत,
किती वेळ, मला सांगता येणार नाही.
मग डॉक्टर तंगडी टाकून आत गेले
आणि ते दुसरीकडून, तसेच.

पुलगाव रोडला धूळ उठली, बसली, पुन्हा उठली.
नदीच्या पुलापर्यंत, आणि मग म्हणे पुलापलीकडेही.

डॉक्टर सांगतात, म्हातारा जाताना-येताना अखंड बोलत होता.
काय, ते माहीत नाही.
काच नाही, छत नाही, साठच्या वर काटा,
वाऱ्यात एक अक्षर ऐकू आलं नाही.

दोघांच्या भुवया पांढऱ्या झाल्या होत्या.
बकारामजी उतरले, बॉनेटवर थाप मारली, मला म्हणाले,
"दुसरा गिअर सुटते, बाप्पा. पाह्यजो."
मी भाकर तशीच ठेवून पाना शोधायला लागलो.